पालथे ठेवलेले डोळे

“पालथा देव कुणी पूजतं का हो, मामा?” असं म्हणत मी पाटावरचे दोन्ही डोळे उलटून सरळ केले, आणि भोवती उभी असलेली सगळी माणसं हसली.

खंडेनवमीची सकाळ होती. कोल्हापूरच्या पूर्वेला, उसाच्या पट्ट्यात आमचा कारखाना. साखर कारखान्यातून आलेलं चिपाड दळायचं, त्यात डिंकासारखी रसायनं घालून दाबायचं आणि बोर्ड करायचे, हा आमचा उद्योग. खंडेनवमीला यंत्रं बंद ठेवायची पद्धत. साध्या पान्यापासून मोठ्या प्रेसपर्यंत सगळं धुऊनपुसून घ्यायचं, झेंडूच्या माळा घालायच्या आणि हळदकुंकू वाहायचं. दीडशे पुरुषांच्या त्या कारखान्यात मी एकटी बाई. वय चोवीस, इन्स्ट्रुमेंटचा डिप्लोमा, प्रोबेशनवर. वर्षभर मला कुणी नीट हाक मारली नव्हती. काही जण नुसतं ‘ओ’ म्हणायचे, काही जण माझ्याकडं न बघता माझ्याशी बोलायचे. आणि त्या दिवशी आमचे मॅनेजर खर्डेकर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की घरात लक्ष्मी असताना हळदकुंकू आम्ही बाप्यांनी का लावायचं, मगदूम मॅडम लावतील. मी हरखून गेले होते. खोटं कशाला बोलू.

आता ते डोळे म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तयार बोर्ड गुळगुळीत करायला सँडर नावाचं यंत्र असायचं. त्यातून जी धूळ निघायची ती मैद्यासारखी बारीक. मोठा पंखा ती पाइपातून ओढून घ्यायचा आणि बाहेरच्या पिशव्यांच्या खोलीत नेऊन टाकायचा. त्या खोलीला आम्ही बॅगहाऊस म्हणायचो. चिपाडाबरोबर कधी खडा येतो, कधी एखादा खिळा. सँडरचा पट्टा त्यावर घासला की ठिणगी उडते आणि धुळीबरोबर पाइपातून पळत सुटते. ती बॅगहाऊसमध्ये पोचली तर संपलंच. म्हणून पाइपाला समोरासमोर दोन काचेचे डोळे बसवलेले. ठिणगी दिसली की पुढं लगेच पाण्याचा फवारा, आणि पॅनेलवर घंटा. धूळ नुसती पडून असली की गुमान पडून असते. हवेत उडालेली असताना तिला ठिणगीनं गाठलं, तर लोखंडी खोलीसुद्धा फाटते.

पॅनेल माझ्याकडं होतं. आणि ती घंटा माझ्या जिवावर उठली होती. पाळीत तीनतीनदा वाजायची. वाजली की पाणी, पाणी पडलं की धुळीचा चिखल, सँडर बंद, अर्धा तास खरवडत बसा. सगळे माझ्याकडं असं बघायचे जणू घंटा मीच वाजवतेय. साहेबांनी त्याच महिन्यात केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत ही कटकट कमी झाली नाही तर पॅनेल दुसऱ्याला देईन आणि तुम्हाला स्टोअरमध्ये हातमोजे वाटायला बसवीन. प्रोबेशन संपायला दोन महिने होते. स्टोअरमध्ये गेलेलं माणूस तिथून परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून माझ्याशी माणसासारखं वागलेला माणूस एकच, हिंदुराव लोहार. फिटर. पन्नाशी ओलांडलेले, बारीक चणीचे, कामात असताना स्वतःशीच पुटपुटायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मला हातात पाना धरायला त्यांनी शिकवलं. डिप्लोमात शिकवत नाहीत हो, तिथं पान्याचं चित्र काढायला शिकवतात. दर खंडेनवमीला ते दोन डोळे पाइपातून काढून, कापसानं पुसून, धुवट कापडावर काच खाली करून पाटावर पालथे ठेवायचे. त्या दिवशीही तसेच ठेवले होते.

मी ते उलटले. माणसाला टिळा कपाळावर लावतात, पाठीवर नाही. मामा काहीतरी म्हणाले. तेवढ्यात साहेब कॅमेरा घेऊन पुढं आले आणि मी फोटोसाठी हसले. मामा काय म्हणाले ते मी ऐकलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. लोखंडावर टिकावं म्हणून आमच्याकडं कुंकू तेलात कालवायचे. त्या कुंकवाचं बोट मी एका काचेवर टेकवलं, मग दुसऱ्या. वर हळद.

मामांच्या घरी खंडेनवमीला ऐरणीची पूजा असायची. वर्षातली ती अर्धी रजा ते कधी चुकवत नसत. जाताना सांगून गेले की दसऱ्याच्या सुट्टीनंतर डोळे मी शुक्रवारी सकाळी येऊन बसवतो, तुम्ही तसदी घेऊ नका. मला मात्र त्या दिवशी हुरूप आलेला. संध्याकाळी शिडी लावून मीच वर चढले आणि दोन्ही डोळे बसवले. पुसायचं मनात आलं होतं. पण पूजेचं कुंकू पुसू नये, असं आमची आई सांगायची. आणि पाइपातून एवढा सोसाट्याचा वारा जातो, राहतंय कसलं, उडून जाईल, असा मी विचार केला. त्यात तेल आहे आणि तेलाला धूळ चिकटते, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मला कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी मामा आले ते थेट पाइपाकडं गेले. तिथून माझ्याकडं.

“बसवलासा व्हय डोळं?”

“हो.”

“पुसून बसवलासा न्हवं?”

“हो,” मी म्हटलं. जरा चिडूनच म्हटलं. एवढं काय विचारायचं, मला कळत नाही का, असं वाटलं. वर चढून परत पुसून यायला दहा मिनिटं लागली असती. पण मग आधीचं ‘हो’ खोटं ठरलं असतं.

त्या दिवशी घंटा वाजली नाही. शनिवारी वाजली नाही, रविवारी वाजली नाही. पॅनेलवर हिरवा दिवा जळत होता. हिरवा दिवा म्हणजे वीज चालू आहे एवढंच, डोळ्याला दिसतंय का नाही ते त्यावरून कळत नाही. पण कोण बघतंय. सँडर अखंड चालला होता, बोर्डांच्या थप्प्या लागत होत्या. साहेब स्वतः पॅनेलपाशी येऊन म्हणाले की देवी पावली बरं का मॅडम तुमच्या हाताला. सँडरवरची माणसं मला वृंदाताई म्हणायला लागली. तीन दिवसांत ‘ओ’ची ताई झाले मी. कुंकवाचं मला आठवत नव्हतं असं नाही. पण ते विचार जवळ आले की मी दुसरं काहीतरी काम काढायची.

दर सोमवारी डोळ्यांची तपासणी असायची. पंखा थांबवायचा, एकानं वर जाऊन डोळा काढायचा आणि त्याच्यासमोर टॉर्च धरायचा, दुसऱ्यानं खाली पॅनेलवर घंटा वाजते का ते बघायचं. मग रजिस्टरात दोघांच्या सह्या. मामा टॉर्च मागायला आले तेव्हा साहेब तिथंच होते. साहेब म्हणाले, मोठी ऑर्डर आहे, आज पंखा थांबवायचा नाही, चाललंय ते चालू द्या, पुढच्या सोमवारी बघू. मामांनी मला बाजूला घेतलं.

“मॅडम, सँडरच्या पट्ट्याखाली मला ठिणगी दिसती. कालच्याला दोनदा दिसली. मग घंटा का वाजंना?”

मी म्हटलं, मामा, वाजली तरी तुम्हाला त्रास, नाही वाजली तरी त्रास. चांगलं चाललंय ते बघवत नाही का? आसपासचे दोघंतिघं हसले. मी रजिस्टरात माझी सही केली आणि पेन त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते घेतलं नाही.

“बगितल्याबिगर न्हाई करत मी सही,” ते एवढंच म्हणाले आणि गेले. त्यांचा रकाना कोरा राहिला. मला राग आला होता. साहेबांसमोर माझी शोभा केली असं वाटलं.

बुधवारी दुपारी साडेतीनला चहाची सुट्टी झाली. सँडर थांबला, पंखा चालूच होता. मी कँटीनमध्ये होते. बशीत चहा ओतत होते तेवढं आठवतं. मग जमीन हलली. आवाज नंतर ऐकू आला, किंवा मला तसं वाटलं. बाहेर पळालो तर बॅगहाऊसचं वरचं झाकण उडून पार बोर्डांच्या थप्प्यांवर पडलं होतं आणि खोलीतून जाळ येत होता. पाइपाजवळच्या लोखंडी माचाच्या खाली कुणीतरी पडलं होतं. कपड्यांवरून ओळखू येत नव्हतं, कपडे नव्हतेच. शिडीशेजारी मामांच्या वहाणा काढून ठेवलेल्या होत्या. वर चढताना ते नेहमी वहाणा काढायचे.

पिशव्यांमध्ये कधीची तरी ठिणगी जाऊन बसली होती आणि आतल्या आत धुमसत होती. पिशव्या झाडल्या गेल्या, धूळ उडाली आणि पेटली. नेमकं त्याच वेळी मामा वर होते. ते तिथं कशाला गेले होते, असं सगळे एकमेकांना विचारत होते. मी माझ्या टेबलाचा खण उघडून पाहिला. टॉर्च नव्हता. मला विचारून गेले असते तर मी नको म्हटलं असतं, म्हणून न विचारता गेले.

बंब येऊन गेला. अंधार पडायच्या आधी, पाइप निवल्यावर, नुकसान बघते असं सांगून मी माचावर चढले. एक डोळा जागेवर होता. दुसरा बाहेर काढलेला, वायरीला लटकत होता. त्याच्या काचेवर कुंकवाचा काळा पडलेला थर होता आणि त्या थरातून अंगठ्यानं ओढलेला एक स्वच्छ पट्टा. मामांनी काढला, पाहिला, पुसायला सुरुवात केली, तेवढ्यातच झालं. मी ओढणीचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि काच पुसली. आधी कुंकू निघालं, मग त्यांच्या अंगठ्याची खूण. दुसरा डोळा अजून चटका देत होता, तो निघाला नाही.

मामा कोल्हापूरच्या दवाखान्यात चार दिवस जगले. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. बाहेर बाकावर त्यांची बायको, हौसाक्का, डोक्यावर पदर घेऊन बसली होती. मला आत सोडलं. सगळ्या अंगाला पट्ट्या, तोंड तेवढं उघडं. मी आले हे त्यांना आवाजावरून कळलं.

“डोळा काढला व्हता,” ते म्हणाले. प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता. “कुंकू व्हतं.”

मी ओढणीचं टोक मुठीत घेतलं.

“दुसरा बी बगा, मॅडम. त्याच्यावर बी असंल. न्हाईतर पुन्यांदा कुनीतरी मरंल.”

“बघते,” मी म्हटलं.

“मग झालं,” ते म्हणाले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. तुम्ही पुसला म्हणालात की, असं म्हणाले असते तर मी तिथंच त्यांच्या पायाशी बसले असते, सगळ्यांना ओरडून सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण हे नुसतं वाटणं आहे.

तिथून मी थेट कारखान्यात गेले. सरकारी अधिकारी दुपारी यायचे होते. मी दुसरा डोळा काढला, पुसला, परत बसवला. मामांनी सांगितलेलं काम केलं, आणि त्यांच्या बाजूनं बोलू शकणारी काचेवरची शेवटची खूणही त्यातच पुसून टाकली.

ते गेल्याचं कळलं त्या दिवशी गेटवर वॉचमन शामरावनं मला थांबवलं. खिडकीतल्या फळीवरून त्यानं विडीचं एक बंडल आणि काडेपेटी काढली. मामा विडी ओढायचे, पण गेटबाहेरच्या टपरीवर. रोज सकाळी आत येताना बंडल आणि काडेपेटी शामरावकडं ठेवायचे आणि संध्याकाळी घेऊन जायचे. वीस वर्षांचा नेम होता.

“बुधवारी सकाळी ठेवून गेलेलं हाय हे,” शामराव म्हणाला. “आत सगळे विडी विडी करायला लागल्यात, मॅडम. मी ठेक्यावरचा मानूस, माझं कोन ऐकनार. तुमी बोला.”

मी ते पर्समध्ये टाकलं.

विडीचं खरंच सुरू झालं होतं. कुणी काढलं ठाऊक नाही, पण साहेबांच्या केबिनमधून ते बाहेर आलं. चौकशी त्याच केबिनमध्ये झाली. आत जायच्या आधी साहेबांनी मला सहज सांगितलं की तुमचं कायम झाल्याचं पत्र टाईप करायला दिलंय. अधिकारी भले गृहस्थ होते, दमलेले दिसत होते. त्यांनी दोन्ही डोळे टॉर्च धरून तपासले होते, दोन्ही वेळा घंटा वाजली होती. रजिस्टर त्यांच्यापुढं उघडं होतं. सोमवारची माझी सही होती आणि लोहारांचा रकाना कोरा होता. त्यांनी त्यावर पेन्सिलीनं गोल केला आणि कामाची टाळाटाळ दिसते, असं म्हणाले.

मग मला विचारलं, “लोहार विडी ओढायचे का?”

पर्स माझ्या मांडीवर होती. काडेपेटीचा कोपरा मला कापडातून बोटाला लागत होता.

“हो,” मी म्हटलं.

कुठं, कधी, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. अहवालात आलं की धूम्रपानामुळं आग लागली असण्याची दाट शक्यता. गेटवर मोठा फलक लागला, विडी-काडी आत आणू नये, आणि खाली त्या अपघाताची तारीख. तारीख वाचली की नाव ज्याला त्याला आठवायचं. मामांच्या मुलाला त्यांच्या जागी घ्यायचं ठरलं होतं ते राहून गेलं. त्यांच्या गावात लोक म्हणायला लागले की हिंदुरावानं विडीपायी कारखाना पेटवला आणि स्वतः मेला. मी कायम झाले. पॅनेल माझ्याकडंच राहिलं. घंटा पुन्हा पाळीत तीनदा वाजायला लागली आणि आता तिच्यावर कुणी कुरकुर करत नव्हतं.

पाच महिने ते बंडल माझ्या पर्समध्ये होतं. फेकवत नव्हतं आणि देववत नव्हतं. चैत्रात एका रविवारी मी एस.टी.नं त्यांच्या गावी गेले. मनाशी पक्कं ठरवून गेले होते की आज हौसाक्कांना सगळं सांगायचं. काचेपासून सगळं. मग नोकरी राहो की जावो.

भट्टीची झोपडी घराला लागूनच होती. ऐरण तिथंच, तिच्यावर जुना हळदीचा डाग होता. हौसाक्कांनी मला ओळखलं, घोंगडं अंथरलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. दवाखान्यात आलेल्या ह्या एकच बाई, असं दारातून डोकावलेल्या शेजारणीला सांगितलं. मी पर्स उघडली आणि बंडल त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी ते उचललं. दोरा निम्मा सुटला होता. तो त्यांनी बोटानं परत गुंडाळला.

“हे कुठं घावलं?”

“गेटवर. त्या दिवशी सकाळी वॉचमनकडं ठेवून आत गेले होते.”

त्यांनी मान वर केली. अडाणी बाई, पण त्यांना समजायला एक क्षण पुरला. “म्हंजी आत न्हवतीच त्यांच्याजवळ विडी.”

“नव्हती.”

“मग हे तुमी सायबास्नी सांगितलंसा?”

सून चहाचा कप हातात घेऊन दारात उभी होती. मी ठरवून आले होते. काय बोलायचं ते गाडीत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

“हो,” मी म्हटलं. “सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही.”

हौसाक्का रडायला लागल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदाच रडल्या, असं सून मागाहून म्हणाली. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. “कुनी तर बोललं माझ्या मालकासाठी,” असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. “तुमी तर बोललासा. देव तुमचं भलं करंल, बाई.” मी हात सोडवून घेतले नाहीत.

निघाले तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारली. लेकीबाळी घरातून तशाच जात नाहीत, म्हणाल्या. त्यांना स्वतःला लावायचं नव्हतं, त्या दाराआड सरकल्या. सून कोयरी घेऊन आली. मी वाकले. तिनं हळदीचं बोट लावलं, मग कुंकवाचं, चांगलं ठसठशीत.

पूजेचं कुंकू पुसू नये, असं आमची आई सांगायची. मी ते गावाच्या स्टँडवर, गाडी यायच्या आधी, ओढणीच्या टोकानं पुसून टाकलं.